व्हिसावर काम काय लिहिलंय?

तो सीन तुमच्या रील्समध्ये येऊन गेलाच असेल. समोर समुद्र, टेबलावर शहाळं, शेजारी उघडा लॅपटॉप आणि खाली कॅप्शन, ‘माझं ऑफिस’. उदगीरच्या भर दुपारी, लाइट गेलेली असताना, मोबाइलच्या उरलेल्या दहा टक्के बॅटरीवर हे पाहिलं की मनात येतंच, आपणही करू शकतो की हे! काम तर सगळं ऑनलाइन आहे. मग ते उदगीरच्या खोलीतून केलं काय आणि बँकॉकच्या कॅफेतून केलं काय, फरक काय पडतो?

माझ्या एका मित्राच्या मनात हेच आलं होतं. बी.कॉम. झालेला, इंग्रजी बऱ्यापैकी, टायपिंगचा स्पीड चांगला. वर्षभर तो घरी बसून बाहेरगावच्या एका क्लायंटचं डेटा एंट्रीचं काम करत होता. एक दिवस टेलिग्रामवर मेसेज आला. थायलंडमध्ये कस्टमर सपोर्टची नोकरी, महिना ऐंशी हजार पगार, राहणं-खाणं कंपनीकडे, तिकीटसुद्धा कंपनीच काढणार. व्हिसाचं विचारल्यावर उत्तर आलं, ‘भारतीयांना व्हिसा लागत नाही. तुम्ही या, बाकीचं इथं आल्यावर बघू.’ मित्रानं नवी बॅग घेतली. आम्ही पार्टी मागितली.

त्याला अडवलं त्याच्या काकांनी. हे काका आठवी पास. बारा वर्षं सौदीत ड्रायव्हर म्हणून राहून आलेले. त्यांनी एकच विचारलं, ‘‘व्हिसावर काम काय लिहिलंय?’’

‘‘काका, व्हिसाच लागत नाही तिथं.’’

‘‘मग काम कराय जायलास का फिराय?’’

मित्राला याचं उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही देता आलं नसतं, आणि मी मास कम्युनिकेशनची पदवी घेतलेली मुलगी. म्हणून मग शोधायला बसले. जे सापडलं ते तुमच्यापर्यंत पोहोचायला हवं, असं वाटलं.

फिरणं वेगळं, काम वेगळं

पहिली गोष्ट ही की ‘व्हिसा लागत नाही’ याचा अर्थ ‘काम करता येतं’ असा होत नाही. थायलंडनं नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश द्यायला सुरुवात केली. आधी तीस दिवस, मग जुलै २०२४ पासून साठ दिवस. ही सवलत मुख्यतः पर्यटकांसाठी. तिच्यावर जाऊन तिथल्या कंपनीत नोकरी केली तर ते तिथल्या कायद्यानं बेकायदा ठरतं. वर्क परमिटशिवाय काम करताना सापडलं तर पाच हजार ते पन्नास हजार बाथ दंड होतो आणि देशाबाहेर काढतात. मेसेज पाठवणारा तिकडं आरामात असतो. दंड भरायचा असतो तुम्हाला.

देश असा भेद का करतात, हे समजायला आपल्याला फार लांब जायला नको. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. १९४८ पर्यंत उदगीर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. सोलापूरला जायचं म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत जायचं, वाटेत संस्थानाचे करोडगिरी नाके म्हणजे जकात नाके. संस्थानात सरकारी नोकरी हवी असेल तर तुम्ही ‘मुल्की’ आहात का, हे आधी बघितलं जायचं. मुल्की म्हणजे इथला. बाहेरून आलेल्याला पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट होती. येजा करणाऱ्याला कोणी फारसं हटकत नसेल, पण इथं राहून रोजगार मिळवायचा म्हटलं की ‘तू कुठला?’ हा प्रश्न यायचाच. १९५६ पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्याचा तालुका होता. आज आपण बीदरला एसटीनं जातो आणि कोणी काही विचारत नाही, कारण आता दोन्ही गावं एकाच देशात आहेत. देशाबाहेर पडलं की तो जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहतो, आणि आता तो विचारतो विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी.

रिमोट कामानं या प्रश्नात एक नवा गुंता केला. समजा तुम्ही पुण्याच्या कंपनीचं काम करताय, पगार भारतातल्या बँकेत येतोय आणि तुम्ही बसलाय बालीत किंवा लिस्बनमध्ये. तिथल्या कुणाची नोकरी तुम्ही हिरावून घेतलेली नाही. मग तुम्ही पर्यटक की कामगार? कोविडनंतर वेगवेगळ्या देशांनी याची वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.

तीन प्रकारचे देश

काही देशांनी सरळ सांगून टाकलं की पाहुण्याच्या व्हिसावर परदेशी कंपनीचं काम चालेल. न्यूझीलंडनं २७ जानेवारी २०२५ पासून व्हिजिटर व्हिसावर अशा रिमोट कामाला परवानगी दिली, फक्त मुक्काम नव्वद दिवसांच्या वर गेला तर तिथल्या कराचा विचार करावा लागतो. कॅनडातही पाहुणा म्हणून राहून बाहेरच्या कंपनीचं काम करता येतं. ब्रिटननं ३१ जानेवारी २०२४ पासून नियमातच लिहिलं की पाहुण्याला रिमोट काम करता येईल, पण येण्याचा मुख्य हेतू ते काम असता कामा नये. मात्र लक्षात ठेवा, या तिन्ही देशांचा पाहुण्याचा व्हिसा आपल्याला आधी काढावा लागतो आणि तोच सहज मिळत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या देशांनी वेगळा व्हिसा काढला. त्याला ‘डिजिटल नोमॅड व्हिसा’ म्हणतात. नोमॅड म्हणजे भटका. बार्बाडोसनं जुलै २०२० मध्ये आणि एस्टोनियानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुरुवात केली. मग दुबई, मलेशिया, पोर्तुगाल, स्पेन अशी रांग लागली. थायलंडनं जुलै २०२४ मध्ये ‘डीटीव्ही’ नावाचा पाच वर्षांचा व्हिसा आणला, त्यावर एका वेळी १८० दिवस राहता येतं.

तिसऱ्या प्रकारचे देश यावर काही बोलतच नाहीत किंवा नाही म्हणतात. आपला भारत यातच मोडतो. आपल्याकडे डिजिटल नोमॅड व्हिसा नाही. टुरिस्ट व्हिसा फिरण्यासाठी, नोकरीचा व्हिसा नोकरीसाठी, मधलं काही नाही. गोव्यात मांद्रे-मोरजीच्या कॅफेत लॅपटॉप उघडून बसलेले परदेशी आपण रील्समध्ये बघतो. त्यातल्या टुरिस्ट व्हिसावर आलेल्यांची कायद्यातली जागा धूसरच आहे. त्यांना घर भाड्यानं देणाऱ्या गोयंकार मालकावर मात्र नियम स्पष्ट आहे. परदेशी पाहुणा आला की चोवीस तासांत फॉर्म भरून कळवायचं. परदेशी नागरिकांबद्दलचे चार जुने कायदे बाजूला सारून १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन कायदा लागू झाला, पण लॅपटॉपवाल्या पाहुण्याचं काय, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. आपण दुसऱ्या देशांकडे जी मोकळीक मागतो, ती आपणही अजून कुणाला दिलेली नाही, हे मान्य करायला हवं.

भटक्याचा खिसा

आता आकडे बघू, कारण रीलमध्ये ते कधीच दाखवत नाहीत.

थायलंडच्या डीटीव्हीसाठी बँकेत पाच लाख बाथ दाखवावे लागतात, म्हणजे बारा लाख रुपयांच्या वर. दुबईच्या रिमोट कामाच्या व्हिसाला महिना साडेतीन हजार डॉलर उत्पन्न हवं, म्हणजे तीन लाखांच्या आसपास. मलेशियात आयटीवाल्याला वर्षाला चोवीस हजार डॉलर, म्हणजे वीस लाखांच्या वर. पोर्तुगालमध्ये तिथल्या किमान वेतनाच्या चौपट आणि स्पेनमध्ये दुप्पट. जपाननं मार्च २०२४ मध्ये सहा महिन्यांचा नोमॅड व्हिसा आणला, अट वर्षाला एक कोटी येन उत्पन्नाची, म्हणजे पन्नास लाखांच्या वर. आणि तेवढे कमावले तरी उपयोग नाही, कारण जपाननं हा व्हिसा ४९ देशांच्या नागरिकांपुरता ठेवला आणि त्या यादीत भारत नाही.

थोडक्यात, काम तेच, लॅपटॉप तोच, इंटरनेटही तेच. पण जर्मन पासपोर्ट असलेल्या मुलीला एक दार उघडं आणि निळा पासपोर्ट असलेल्या उदगीरच्या मुलीला बंद. यात तुमचा-माझा दोष नाही. पण हे माहीत नसणं हा मात्र आपलाच तोटा.

आणखी एक बारीक गोष्ट. नोमॅड व्हिसावर त्या देशाबाहेरच्या कंपनीचं काम करता येतं, तिथल्या कंपनीत नोकरी करता येत नाही. तिथल्या नोकरीसाठी वर्क परमिट लागतं, आणि त्याची कागदपत्रं तिथल्या कंपनीनं आधी करायची असतात. आता माझ्या मित्राचा मेसेज पुन्हा वाचा. थायलंडमधली कंपनी, थायलंडमधली नोकरी आणि म्हणे व्हिसा लागत नाही! काकांच्या एका प्रश्नात ही सगळी गफलत उघडी पडली होती.

‘बाकीचं तिथं बघू’ म्हणजे काय होतं

असे मेसेज आल्यावर जे गेले, त्यांचं काय झालं हे बातम्यांमध्ये येऊन गेलंय. बँकॉकला पर्यटक म्हणून उतरायचं, तिथून गाडीनं सीमेवरच्या मे सोत भागात न्यायचं, मग मोई नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाडीत. तिथं उंच भिंतींच्या आवारात पासपोर्ट काढून घेतात आणि बसवतात ऑनलाइन फसवणूक करायला. खोटी प्रोफाइल, खोटी गुंतवणूक, समोरच्याला प्रेमात पाडून लुबाडायचं. नकार दिला तर मारहाण, नाहीतर सुटकेसाठी पैसे मागायचे. आणि पळून आलात तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही विनापरवाना सीमा ओलांडून म्यानमारमध्ये शिरलेला माणूस असता.

परराष्ट्र मंत्रालयानं सप्टेंबर २०२२ मध्येच आयटी शिकलेल्या तरुणांना अशा नोकऱ्यांबद्दल सावध केलं होतं. तरी लोक जात राहिले. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी मे सोतहून ५४९ भारतीयांना परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबर विभागानं साठहून अधिक जणांची सुटका केली आणि दलालांना अटक केली. कंबोडिया आणि लाओसमधूनही अशीच माणसं परतली आहेत.

ही माणसं अडाणी नव्हती, हे मला फार लागलं. त्या धंद्याला अडाणी माणूस चालतच नाही. त्यांना हवा असतो टायपिंग येणारा, इंग्रजी येणारा, कॉम्प्युटर हाताळणारा पदवीधर. म्हणजे तुम्ही आणि मी.

शिकलेल्यांना कोणी विचारत नाही

इथं काकांची गोष्ट पुन्हा येते. काका आठवी पास, म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असं होतं. म्हणजे कामासाठी जाण्याआधी सरकारी तपासणी गरजेची. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानं ही सोय केली आहे. दहावी न झालेला माणूस आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत कामाला निघाला की सरकारी अधिकारी त्याचं करारपत्र बघतो, व्हिसा बघतो, एजंट नोंदणीकृत आहे का बघतो, आता तर दहा लाखांचा अपघात विमाही काढावा लागतो. काका सांगतात, ‘‘तेव्हा चकरा मारून जीव मेटाकुटीला आला होता.’’ पण त्या चकरांमध्येच ते शिकले की व्हिसावर कामाचं नाव असतं आणि ते आपण वाचायचं असतं.

माझा मित्र पदवीधर. दहावी झाली की ही तपासणी लागत नाही. त्या १८ देशांच्या यादीत थायलंडही आहे. म्हणजे काका थायलंडला कामाला निघाले असते तर सरकारनं त्यांची कागदं तपासली असती. पुतण्या निघाला तर कोणी काहीच विचारणार नाही, कारण कायदा असं धरून चालतो की हा शिकलेला आहे, याला सगळं कळतं.

मला वाटतं, इथंच आपली चूक होते. तपासणी नको म्हणजे आपण सुरक्षित, असं आपण समजतो. खरा अर्थ एवढाच आहे की तुमच्यासाठी दुसरं कोणी तपासणार नाही, तुम्हालाच तपासायचंय. १९८३ साली दहावी झालेला माणूस पत्र वाचून, चार जणांना विचारून निर्णय घ्यायचा. टेलिग्रामवरचा एजंट तेव्हा नव्हता. हा कायदा बदलण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयानं २०२५ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात काहीही ठरो, माझी मागणी साधी आहे. पदवीधरालाही निघण्याआधी आपलं ऑफर लेटर सरकारी यंत्रणेकडून फुकटात, चार दिवसांत तपासून मिळायला हवं. सक्ती नको, सोय हवी.

आणि सगळं सरकारवर ढकलून चालणार नाही. नांदेडच्या आपल्या विद्यापीठाला जोडलेल्या प्रत्येक कॉलेजात प्लेसमेंट सेल असतो, निदान त्याची पाटी तरी असते. तिथं रेझ्युमे कसा लिहायचा हे शिकवतात. वर्षातून एक दुपार ‘परदेशातलं ऑफर लेटर कसं वाचायचं’ यासाठी द्यायला काय हरकत आहे? व्याख्यात्याला मुंबईहून बोलवायचीही गरज नाही. आखातात राहून आलेले काका उदगीर, देगलूर, मुखेड, अहमदपूर सगळीकडे आहेत. त्यांना खुर्ची द्या आणि बोलू द्या.

निघण्याआधी

खरंखुरं रिमोट काम असलेल्यांनीही काही गोष्टी बघायला हव्यात. तुमची कंपनी पुण्याची किंवा हैदराबादची असेल तर न सांगता परदेशात जाऊन लॉगिन करू नका. ‘वर्क फ्रॉम होम’मधलं होम म्हणजे कोणतंही घर नव्हे. दुसऱ्या देशात बसून काम केलं की कंपनीवर तिथल्या कराची, कामगार कायद्याची जबाबदारी येऊ शकते, आणि क्लायंटचा डेटा देशाबाहेर नेला म्हणून नोकरीही जाऊ शकते. एचआरची लेखी परवानगी घ्या. किती दिवस राहताय तेही मोजा. बऱ्याच देशांत वर्षाला १८३ दिवसांच्या आसपास मुक्काम झाला की तिथं कर भरायची पाळी येते. आपल्याकडेही १८२ दिवसांचा हिशेब आहेच.

नोकरीचा मेसेज आला असेल तर एजंटचं नाव ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर शोधा. नोंदणीकृत एजंटला तीस हजार रुपये आणि जीएसटी याच्या वर सेवाशुल्क घेता येत नाही. कुणी लाखात मागत असेल तर तिथंच समजा. कुणी काहीच मागत नसेल, उलट तिकीट देत असेल, तर जास्त सावध व्हा. व्हिसाचे नियम त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवरच वाचा, कारण ते सारखे बदलतात. या लेखातलं एखादं कलमही तुम्ही वाचेपर्यंत बदललेलं असू शकतं. शंका आली तर परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी सरकारची १८००-११-३०९० ही टोल फ्री हेल्पलाइन आहे, आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठी १९३०. फोन करायला लाजू नका. ‘मी शिकलेलो, मला कसं फसवतील’ या लाजेवरच त्या लोकांचा धंदा चालतो.

हे वाचून कुणी परदेशाचा विचारच सोडून दिला तर मला वाईट वाटेल. जा, जरूर जा. आपल्या भागातून माणसं पूर्वीही हैदराबादला गेली, मुंबईला गेली, आखातात गेली, आणि त्यांनी पाठवलेल्या पैशांवर इथली घरं उभी राहिली. फक्त काय म्हणून जातोय, हे आपल्याला माहीत असलं पाहिजे. फिरायला जात असू तर फिरून या. काम करायला जात असू तर व्हिसावर ते काम लिहिलेलं असू द्या.

माझा मित्र सध्या उदगीरमध्येच आहे. नवी बॅग कपाटावर ठेवलीय. इन्व्हर्टर घेतला, क्लायंट वाढवले. मलेशियाच्या व्हिसाचा चोवीस हजार डॉलरचा आकडा त्यानं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय आणि दर महिन्याला खाली आपलं उत्पन्न मांडतो. अजून बराच लांब आहे, असं म्हणतो. परवा काकांनी वही बघितली आणि विचारलं, ‘‘हे काय लिहिलंस?’’ त्यानं सगळं समजावून सांगितलं. काका म्हणाले, ‘‘आता नीट विचारायलास. दे इकडं, कागद आला की आधी मी वाचणार.’’